टोकियोहून एकच दिवस आहे: निक्को की कामाकुरा?

इकडे फिरायला येणारा प्रत्येक जण क्योतो आणि फुजीचं आधीच ठरवून येतो आणि मग विचारतो, "मधे एक दिवस मोकळा आहे रे, निक्को करू की कामाकुरा?" मी दोन्ही केलंय. निक्को मित्रांबरोबर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी. कामाकुरा आई-बाबा आले होते तेव्हा, एप्रिलमधल्या एका साध्या मंगळवारी. म्हणजे तुलना तशी समसमान नाही, हे आधीच कबूल करतो.

निक्कोला कमी लेखायचं काहीच कारण नाही. "निक्को पाहिल्याशिवाय केक्को म्हणू नये," अशी जपानी म्हण आहे; केक्को म्हणजे झकास, मन भरलं. जपान म्हणजे साधेपणा, पांढरी वाळू आणि चार दगड, अशा समजुतीने तिथे गेलात तर तोशोगू या देवस्थानासमोर गडबडून जाल. तोकुगावा इएयासू हा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, 1616 मध्ये वारला आणि त्याच्या नातवाने, इएमित्सूने, 1636 मध्ये आजोबांच्या समाधिस्थानाचा आजचा हा थाट उभा केला. सोनं, लाल-हिरवे रंग, आणि एकट्या योमेइमोन दरवाजावर पाचशेहून जास्त कोरीव आकृत्या. त्या दरवाजाच्या बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरली आहे. काम अगदी परिपूर्ण झालं की उतरण सुरू होते, म्हणून. आपण बाळाच्या गालाला तीट लावतो, तसंच हे. मी त्या खांबापुढे बराच वेळ उभा होतो.

गांधीजींची म्हणून आपल्याला ठाऊक असलेली तीन माकडंही इथलीच, तीही घोड्यांच्या तबेल्यावर. माकडं घोड्यांची राखण करतात असा जुना समज होता. सगळे त्या तिघांचा फोटो काढून पुढे सरकतात. खरं तर तिथे माकडाच्या अख्ख्या आयुष्याची चित्रमाला आहे आणि आपलं त्रिकूट म्हणजे त्यातलं फक्त बालपण.

इथवर निक्को पुढे होतं. मग आम्ही केगोन धबधबा आणि चुझेन्जी तलाव बघायला वरच्या बसमध्ये बसलो.

तलाव 1,269 मीटर उंचीवर आहे आणि तिथे नेणारा इरोहाझाका हा घाट. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा, दोन्ही मिळून 48 वळणं. प्रत्येक वळणावर जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर पाटीवर लिहिलेलं: इ, रो, हा, नि... पानं रंगायचा हंगाम, त्यात शनिवार. बस 'रि' आणि 'नु' या दोन पाट्यांच्या मधे जी थांबली ती थांबलीच. 'नु' मला अजून डोळे मिटून काढता येतो. ही अक्षरं ज्या क्रमाने येतात ती मुळात एक कविता आहे, आणि तिचा विषय बौद्धांचं अनित्य! बस मात्र नित्य तिथेच. मागे एक लहान मुलगी पोटात ढवळतंय म्हणून रडत होती, तिची आई पिशवी शोधत होती. धबधब्यापाशी पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं. 97 मीटरचा केगोन मी ऐकलाय, पाहिला असं म्हणता येणार नाही.

मे महिन्यात, आडवारी गेलेला माझा मित्र म्हणतो की त्याची बस सरसर वर गेली. जात असेलही. पण एका दिवसाची सहल एकाच घाटावर अवलंबून असणं मला तेव्हापासून खटकतं. घाट अडला की परत फिरण्याचीही सोय नाही.

गर्दी कामाकुरालाही आहे. एनोदेन ही छोटी गाडी घरांच्या अंगणांना खेटून जाते, दिसायला गोड, पण सुट्टीच्या दिवशी चेंगराचेंगरी. विरार लोकलवाल्यांना त्याचं काही वाटणार नाही. समुद्राकाठी घारींपासून जपा. माझा अर्धा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, एकीने मागून येऊन नेला, बोटाला साधा ओरखडाही न काढता. पण इथे एक जागा फसली तर दुसरी चालत गाठता येते, हा मला मोठा गुण वाटतो. पहिल्या शोगुनांची ही राजधानी, देवळांची वाण नाही. हाचिमान या युद्धदेवतेच्या देवळातला प्रचंड जुना गिंको 2010 मध्ये वाऱ्याने कोसळला. 1219 मध्ये शोगुन सानेतोमोला मारणारा त्याचा पुतण्या याच झाडामागे लपला होता, अशी आख्यायिका. आता खोडाला कोवळे फुटवे आलेत. बाबा तिथेच रमले.

मोठा बुद्ध म्हणजे अमिदा, आपला अमिताभ. तेराव्या शतकातला, ब्राँझचा, चौथऱ्याशिवाय 11 मीटरच्या वर. वरचा मंडप कधीच गेला, त्यामुळे तो ऊन-पाऊस खात उघड्यावर बसलाय. थोडे येन देऊन त्याच्या पोटात शिरता येतं आणि ओतकामाचे सांधे आतून दिसतात. तोशोगूच्या सोन्यापेक्षा मला हे सांधे जास्त आवडले, पण ही माझी आवड झाली.

आणि झेनियाराई बेन्तेन हे देऊळ. चढ आहे, आईच्या गुडघ्यांसाठी टॅक्सी केली. बोगद्यातून आत गेलं की गुहेत झरा, तिथे बांबूच्या रोळीत पैसे ठेवून धुवायचे, म्हणजे ते वाढतात. बेन्तेन म्हणजे सरस्वती, हे सांगितल्यावर आई थबकली. "सरस्वतीकडे पैसे मागायचे? लक्ष्मी काय म्हणेल?" तरी पर्समधली शंभराची नोट काढून तिने एक कोपरा भिजवलाच.

खाण्यात निक्को सरस: तिथली युबा, म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, शाकाहाऱ्यांना मानवते. रश्श्यात मासळीचा अर्क नाही ना, हे मात्र दोन्हीकडे विचारून घ्या.

रात्री मुक्काम करू शकत असाल तर निक्कोलाच जा, सकाळी लवकर घाट चढा. एकच दिवस असेल, बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर मी कामाकुरा म्हणेन. आणि कामाकुराला न उतरता आधीच्या किता-कामाकुराला उतरा. एन्गाकुजीचं देऊळ स्टेशनला लागूनच आहे, तिथून देवळं करत खाली या.

धुतलेले पैसे खर्च करायचे असतात, तरच वाढतात. आईची नोट अजून ठाण्याच्या देवघरात आहे.