गोळी, सीबीटी आणि चोडणची फेरी : 11 महिन्यांच्या उपचारांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये गोव्यात चोडणहून रायबंदरला येताना फेरीबोटीत मला पहिल्यांदा पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) आला. एकदा फेरी सुटली की पलीकडचा धक्का लागेपर्यंत उतरता येत नाही, एवढंच डोक्यात. छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता आपण वाचत नाही याची खात्री. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मग तीन महिने मी मयेहून म्हापशाचा वळसा घालून पणजीला कामावर जात होते.

पहिल्या डॉक्टरांनी नुसती क्लोनाझेपाम दिली आणि तीच वाढवत नेली. तिने लगेच शांत वाटतं, पण शरीराला सवय लागते, हे मला कोणी सांगितलंच नाही. त्याचा राग अजून आहे. सासूबाईंनी देवाला कौल लावला, उजवा आला, आणि त्याच म्हणाल्या, "आता मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा गो."

ऑक्टोबरात एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे चिंता-भीतीवरची रोज घ्यायची गोळी, 5 मिलिग्रॅमने सुरू झाली, मग 10. पहिले दहा दिवस मळमळ, झोप नाही, धडधड उलट जास्त. असं होईल, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, हे नव्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून तग धरला. क्लोनाझेपाम त्यांनी हळूहळू कमी करून बंद केली.

पण मला खरी उभी केली ती सीबीटीने, म्हणजे भीतीचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने. 14 सेशन. आधी नुसतं धक्क्यावर उभं राहून फेरी जाताना बघायची. मग ह्यांच्यासोबत बसायचं, मग एकटीने. पर्समध्ये मी क्लोनाझेपामची एक गोळी जपून ठेवली होती, पट्टीचा कापलेला तुकडा, घासून घासून फॉइलवरची अक्षरं गेलेली. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "उद्या ती घरी ठेवून या." त्या दिवशी नदीच्या मध्यावर भीती दहापैकी आठ होती. मी रेलिंग सोडलं, काही केलं नाही, तशीच उभी राहिले. रायबंदरला रॅम्प टेकला तेव्हा ती चारवर आली होती. आपोआप! कुठल्याही गोळीने मला हे शिकवलं नव्हतं.

शिगम्याच्या सुमारास अगदी बरं वाटत होतं, म्हणून मी मनानेच औषध बंद केलं. चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. पुढे महिनाभरात जुनी भीतीही परतली. कृपा करून असं करू नका. बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर गोळी चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते.

खाजगी सेशनचा खर्च जड जातो. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे ओपीडी चालते. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. मी दोनदा लावला, दोन्ही वेळा समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

सध्या पुन्हा 10 मिलिग्रॅम चालू, दोन महिन्यांनी एकदा तपासणी. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला परवा फेरीनेच गेले. धडधड झाली थोडी, जाताना.