पाच महिने प्रवाळावर: शिडाच्या बोटीवर वापरलेल्या स्नॉर्केलिंगच्या सामानाचा अनुभव

मी, नवरा, ११ वर्षांची लेक, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही पाच जण पाच महिने शिडाच्या बोटीवर राहून आलो. प्रवाळाच्या आसपास मुक्काम असला की रोज कोणी ना कोणी स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायला, पाण्यात असायचंच. सामान इतकं वापरलं गेलं की कुठलं खरंच उपयोगी आणि कुठलं नुसतं दिसायला छान, हे आता खात्रीने सांगता येईल.

आधी आमची मोठी चूक सांगते. मुलांसाठी पूर्ण चेहरा झाकणारे मास्क घेतले होते. तोंडात नळी धरायला नको, नाकानेही श्वास घेता येतो, म्हणजे लहानांना सोपं, असा माझा हिशेब. पाण्यावर तरंगत असेपर्यंत तो बरोबर होता. तिसऱ्या आठवड्यात लेक खाली बुड्या मारायला लागली आणि दोन-अडीच मीटरवरून कान धरून, रडत वर आली. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, कान दडपतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबली की ते मोकळे होतात. या मास्कमध्ये नाक काचेच्या आड असतं, चिमटीत येतच नाही. मुलाचं वेगळंच. जोरात पोहून आला की डोकं जड झालंय म्हणायचा. मास्कच्या आतली जागा मोठी, झडपांवर मीठ साचलेलं. बाहेर टाकलेली हवा पुरती निघून जात नसेल तर तीच पुन्हा छातीत जाते, हे वाचल्यावर मी दोन्ही मास्क त्याच दिवशी बाजूला काढले. ते पुन्हा पाण्यात गेले नाहीत.

त्यानंतर सगळ्यांना डोळे आणि नाक झाकणारे साधे मास्क. घेताना पट्टा डोक्यामागे न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हवा आत ओढायची. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमचा, नाहीतर कितीही चांगला असो, ठेवून द्यायचा. कडा सिलिकॉनची आणि काच टेंपर्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली हवी. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती सारखी धुरकटते. आम्ही आतून साधी टूथपेस्ट दोनदा चोळून धुतली, पुढे दर वेळी थुंकी लावून विसळणं पुरलं. नवऱ्याला मायनस साडेतीनचा नंबर आहे. त्याने दोन काचांचा मास्क घेऊन त्यात नंबरच्या काचा बसवून घेतल्या. आधीचे सहा आठवडे तो आम्ही बोट दाखवू तिकडे अंदाजाने बघत होता, हे त्या दिवशी मला कळलं. ही खरेदी निघायच्या आधीच करायला हवी होती.

नळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधारण ४० सेंटिमीटरची, खाली पाणी काढायची झडप असलेली पुरते. लांब नळी लावून खोल का जाता येत नाही, असं मुलाने विचारलं होतं. पाणी छातीवर इतकं दाबतं की मीटरभर खोलीवरसुद्धा वरून हवा ओढणं फार जड जातं, शिवाय लांब नळीत वापरलेली हवाच अडकून राहते. झडपेत वाळूचा कण गेला की नळीत पाणी येतं, म्हणून रोज गोड्या पाण्यात धुवायची.

फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायची पाती, आखूड घ्या. लांब फिन्सनी लेकीच्या पायाला फोड आले, आणि मागे काय लागतंय ते तिला कळत नव्हतं. एकदा तिच्या फिनने फांदीसारख्या प्रवाळाचं टोक मोडलं. ते फांदीचं प्रवाळ जोमाने वाढलं तर वर्षाला दहाएक सेंटिमीटर, गोल धोंड्यासारखं असतं ते जेमतेम एक-दोन. तो तुकडा हातात घेऊन ती गप्प बसून राहिली होती. मग आम्ही उथळ वाळूवर आठवडाभर एकच गोष्ट घोटवली: गुडघे न दुमडता कमरेपासून पाय हलवायचे आणि उभं राहायचं झालं तर फक्त वाळूवर.

सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांना तोंडाने फुगवायचं स्नॉर्केलिंगचं जॅकेट घातलं आणि मी हात धरून राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढून विचारलं, "अगं, हे तडतडतंय काय?" ओली लाकडं पेटताना होतो तसा तो आवाज चिमुकल्या कोळंब्यांचा असतो, त्या नांगी फटकन मिटतात. नंतर त्यांना पोपटमाशाचं प्रवाळ कुरतडणंही ओळखू यायला लागलं. सगळ्या सामानात हे जॅकेट मला सर्वांत मोलाचं वाटतं.

उन्हासाठी लांब बाह्यांचे पोहायचे अंगरखे घ्या, पाठ त्यानेच वाचते. क्रीम उघड्या भागापुरतं, तेही झिंक ऑक्साइडचं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईमध्ये २०२१ पासून बंदी आहे, ती प्रवाळासाठीच.

नवरा आणि लेक टाकी लावून डायव्हिंग शिकले. तिच्या वयाला १२ मीटरची मर्यादा. श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, हे तिला झोपेतही सांगता येईल. टाकी आणि बाकीचं भाड्याने घेतलं, विकत फक्त डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) आणि टॉर्च. टॉर्च घ्याच. पाणी लाल रंग आधी गिळतं, दहा मीटरवर सगळं निळं-राखाडी दिसतं. उजेड पाडला की समोरचं पंख्याच्या आकाराचं करडं प्रवाळ लालभडक होतं.

एका ठिकाणी मात्र टॉर्च लावूनही रंग आला नाही. प्रवाळाच्या जिवंत भागात राहणारं शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त काही आठवडे तापलं तरी ते शेवाळ निघून जातं आणि पांढरा सांगाडा दिसायला लागतो. २०२३ पासून असं जगभर झालं. तिथून परतताना बोटीवर कोणीच बोललं नाही.

बोटीचं थोडक्यात. सूर्य वर आणि पाठीशी असताना, पाण्यावरची चमक कमी करणारा पोलराइज्ड चष्मा लावून बोट प्रवाळाच्या भागात न्यायची. तपकिरी दिसतं ते प्रवाळ, फिकट ती वाळू, नांगर वाळूतच. मागे तरंगता दोर सोडून ठेवायचा, पोहायला आधी प्रवाहाच्या विरुद्ध निघायचं आणि माणसं पाण्यात असताना इंजिनची किल्ली काढून ठेवायची.

आज चार मास्क धडधाकट आहेत, दोन पट्टे तुटले ते बदलले. मुलाचा मास्क आता घट्ट होतोय. पुढचा घेताना तोच आधी चेहऱ्याला टेकवून नाकाने हवा ओढून बघणार आहे.