रंकाळ्याच्या कट्ट्यावर घालायला कोडं कुठलं?

पहिलं: १०, ११, १२, १३, १४, १५, १६, १७, २०, २२, २४, ३१, १००, १२१; पुढं काय? १००००. प्रत्येक पद सोळाच आहे, फक्त पाया, म्हणजे कितीच्या गटानं मोजायचं तो आकडा (रोजच्या मोजणीत दहा), सोळापासून एकेकानं उतरत दोनवर येतो. १७ पर्यंत सगळं सरळ चालतं आणि आठाच्या पायाला एकदम २०! तिथं भलेभले अडतात. लई भारी कोडं, पण लवकर संपतं.

दुसरं: संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे दोनाच्या पायानं फक्त ० आणि १ वापरून, लिहून उलटी वाचायची. १, १, ३, १, ५, ३, ७, १, ९, ५, १३... अकरा म्हणजे १०११, उलटं ११०१, म्हणजे तेरा. ही क्रमिका अखंड चालते, दोनाच्या प्रत्येक घाताला १ वर येते. वही घेऊन बसणाऱ्याला हीच द्यावी. कट्ट्यावर मात्र माझं मत पहिलीला.