वरुडला जुन्या स्लाइड आणि पत्रं स्कॅन करून घेतली, त्याचा अनुभव

साठ वर्षं बाबा ज्या स्लाइड, म्हणजे फिल्मवरचे चिमुकले रंगीत फोटो, अंगणात उभं राहून उन्हाकडे धरून पाहत होते, त्या गेल्या महिन्यात त्यांनी घरच्या टीव्हीवर पाहिल्या. ज्यानं हे काम करून दिलं त्याच्याबद्दल चार लोकांना कळावं म्हणून लिहिते आहे. दुकान वरुडला, बस स्टँडकडून बाजारात जाताना लागतं. खाली मोबाइलचं सामान मिळतं, वर माडीवर स्टुडिओ. नाव टाकू नका असं त्यानंच सांगितलं. एकटा माणूस आहे, गर्दी झाली की हाताला घाई सुटते आणि काम बिघडतं, म्हणाला. 'जुने फोटो करते तो' असं कोणालाही विचारा, माडीपर्यंत आणून सोडतील.

आमचं सामान म्हणजे कोठ्यातल्या टिनाच्या पेटीत ठेवलेल्या तेवीस स्लाइड आणि एकतीस पत्रं. १९५९ ते १९६२ या काळातली. बाबा तेव्हा वरुडच्या हायस्कुलात शिकत होते. इंग्रजीच्या मास्तरांनी वर्गाला परदेशातल्या मुलांचे पत्ते वाटले, त्यात बाबांच्या वाट्याला एक अमेरिकन मुलगा आला, त्यांच्याच वयाचा, सोळा वर्षांचा. पत्ता न्यूयॉर्कचा, तिकिटं अमेरिकेची आणि मुलगा जर्मनीत! वडील हवाई दलात, राहणं वीसबाडेनला. अमेरिकन फौजेची टपाल त्यांच्या स्वतःच्या फौजी टपालखात्यातून जायची, म्हणून पत्त्यावर न्यूयॉर्क. आमच्या गावच्या पोस्टमनला हे शेवटपर्यंत पटलं नाही, असं बाबा सांगतात.

याआधीचा अनुभव फार वाईट होता, तोही सांगते. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात दोन पत्रं नमुन्यादाखल दिली होती. 'टिकतील' म्हणून त्यांनी न विचारता लॅमिनेशन करून दिलं. गरम प्लास्टिकखाली एका पत्राची निळी शाई पसरली, आता त्यातल्या चार ओळी कोणालाच लागत नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, पेटी मात्र त्यांनी परत कोठ्यात नेऊन ठेवली. म्हणून या वेळी मी आधी एकटीच जाऊन माडीवर तासभर बसले आणि त्याचं काम पाहिलं. कोणाच्या तरी आजीचा लग्नातला फोटो होता. त्यानं मालकिणीला फोन करून विचारलं, "कपायावरचा डाग कुंकवाचा होय का बुरशीचा? कुंकवाचा असन तर राहू देतो." तिथंच मी ठरवलं, सामान यालाच द्यायचं.

स्लाइड त्यानं माझ्या हातातून घेतल्या नाहीत. टेबलावर पांढरं सुती कापड अंथरलं आणि म्हणाला, "ताई, मधात बोट नका लावू, कडेनं धरा." पुठ्ठ्याच्या चौकटी, आत नखाएवढं चित्र. रबरी फुग्यानं धूळ उडवली, मग मऊ केसांचा ब्रश फिरवला. पाच-सहा स्लाइडवर पावसाळ्यातली बुरशी जाळ्यासारखी पसरली होती, ती फिल्म पुसायच्या द्रवानं कापसाच्या काडीवर थोडी थोडी काढली. पाणी अजिबात लावलं नाही. काही चौकटींवर महिना आणि साल छापलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. बाबांनाही नाही. त्यावरून त्यानं सगळ्या क्रमानं लावल्या आणि आमच्या घरातला एक जुना वाद मिटला : बर्फातला फोटो आधीचा की नदीवरचा. बर्फातला आधीचा.

पहिल्या खेपेला त्याच्याकडून एक चूक झाली, पण ती त्यानं स्वतःच सांगितली. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसायची सोय असते, ती चालू ठेवून त्यानं आठ स्लाइड केल्या. चेहऱ्यांच्या कडा पुसट आल्या, केस मेणासारखे दिसू लागले. कारण असं की हे यंत्र न दिसणाऱ्या लाल किरणांनी धूळ शोधतं. साध्या फिल्मच्या रंगांतून ते किरण आरपार जातात, पण आमच्या स्लाइड होत्या कोडॅक कंपनीच्या कोडॅक्रोम फिल्मवरच्या, तिच्या रंगांत ते अडतात. "मशीनले फोटोच धूळ वाटते," तो म्हणाला. ती सोय बंद करून त्यानं आठही पुन्हा केल्या आणि धूळ हातानं एकेक ठिपका करून काढली. जास्तीचे पैसे मागितले नाहीत. कोडॅक्रोमची फिल्म धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनंही २०१० च्या शेवटी ते काम बंद केलं, हेही त्याच्याकडूनच कळलं. अंधारात ठेवली तर तिचे रंग फार टिकतात. आमची पेटी अंधारातच होती, म्हणून त्या मुलाच्या आईचा पिवळा स्वेटर आजही झेंडूसारखा पिवळा आहे.

काम चालू असताना तो मला पत्रं वाचून दाखवायला लावायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे मलाही सांगायला आवडतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर वर्षभरात, एप्रिल १९४६ मध्ये, अमेरिकन सैनिकांच्या बायकामुलांचं पहिलं जहाज जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराला लागलं आणि त्याच वर्षी मुलांसाठी शाळा उघडल्या. बाबांचा मित्र वीसबाडेनला ज्या शाळेत होता तिला जनरल आर्नल्डचं नाव होतं. हीच ती शाळा जिथं प्रिसिला शिकत होती, प्रसिद्ध अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीची पुढे बायको झाली ती. एल्विस तेव्हा जवळच फ्रीडबर्गला साधा शिपाई होता. मित्रानं त्याच्याबद्दल दोन पानं लिहिली होती आणि बाबांनी उत्तरात विचारलं होतं की हे गृहस्थ कोण!

पण मला जास्त भिडलं ते पत्रांतलं त्यांचं तिथलं रोजचं जगणं. तीन-चार मजली इमारती, एका जिन्यावर सहा-आठ घरं, आणि जिना म्हणजेच मोहल्ला. दूध, पाव, वह्या, बूट, सगळं फौजेच्या दुकानातून, ओळखपत्र दाखवून. घरातला टोस्टर अमेरिकेचा, वीज जर्मनीची, दुप्पट दाबाची, म्हणून स्वयंपाकघरात जमिनीवर वजनदार ट्रान्सफॉर्मर, आणि धाकट्या बहिणीची करंगळी त्याला अडखळून दोनदा सुजलेली. शनिवारी पोरापोरींचा क्लब आणि गाण्यांचं यंत्र. रेडिओवर फौजेचं स्टेशन. पोरानं बाहेर काही खोडी केली तर बोलावणं बापाला, तेही त्याच्या साहेबाकडून. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पैसे जर्मनीचे, म्हणजे मार्क. एका डॉलरचे चार मार्क वीस फेनिग, असं मित्रानं लिहिलंय, आणि त्याच्या बाजूला बाबांनी पेन्सिलीनं आपला हिशोब मांडलाय : एक डॉलर, ४.७६ रुपये. त्याखाली एक गुणाकार, तो चुकलेला.

या पेन्सिलीपाशी दुकानदार थांबला. "हे खोडू का राहू देऊ?" मी म्हटलं, भाऊ, हेच तर पाहिजे. त्यानं त्या पानाचे दोन स्कॅन केले, दुसरा प्रकाश तिरपा धरून, म्हणजे दाबून लिहिलेलं उठून दिसेल. लिफाफ्यांच्या दोन्ही बाजू केल्या, चौकटीमागचं अक्षरही केलं. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

एक पत्र १९६० च्या जूनमधलं आहे. बाबांच्या पत्त्यात आधी मुंबई राज्य असायचं, १ मे नंतर महाराष्ट्र आलं. मित्राला वाटलं, यांचीही बदली झाली. त्यानं विचारलंय की नवं घर कसं आहे, जुनी विहीर सुटली म्हणून वाईट वाटलं का. बाबांनी कळवलं की गाव जागच्या जागी आहे, संत्र्याचा बगीचाही तोच आहे, राज्य तेवढं बदललं. त्याचं पुढचं पत्र अर्ध्या पानाचंच आहे. बाप तीन वर्षांच्या वर कुठं टिकत नाही, ही आपली सहावी शाळा, आणि तू कुठला असं कोणी विचारलं की आपण उत्तर बदलत राहतो, असं त्यात आहे. मग विहिरीबद्दल पुन्हा प्रश्न : किती खोल आहे, पाणी गोड आहे का, उन्हाळ्यात किती उतरतं. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात त्या विहिरीची चौकशी आहे. ती विहीर अजून आहे. मी ते पान माडीवर मोठ्यानं वाचलं तेव्हा खाली मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेला पोरगा जिन्यात उभा राहून ऐकत होता.

आता व्यवहाराचं. स्लाइडला ४० रुपये, पत्राच्या पानाला १५. बारा दिवस लागले, त्यात दोन दिवस लाइन नव्हती. पेन ड्राइव्ह आपला न्यायचा. मोठ्या फाइली वेगळ्या, मोबाइलवर पाठवण्याच्या लहान वेगळ्या, आणि प्रत्येकीवर क्रमांक घालून देतो. दुकान अकराच्या आधी उघडत नाही, फोन उचलत नाही, आणि जिना इतका अरुंद आहे की बाबांना वर नेता आलं नाही, हे मला फार जाणवलं. म्हाताऱ्या माणसांचंच सामान असतं हो हे, त्यांना काम पाहता यायला पाहिजे. मी तसं बोलले तेव्हा तो शेवटच्या दिवशी स्वतः शेंदूरजना घाटला आमच्या घरी आला. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून बाबांशेजारी बसला. "काकाजी, काही सुटलं असन तर आताच सांगा."

अकरावी स्लाइड आली आणि बाबांनी थांबवलं. दाराजवळचा बोळ, खुंट्यांवर कोट, खाली ओळीनं सूटकेसा. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, तेव्हाची. ऑक्टोबरात अमेरिकेनं कुटुंबांना युरोपात पाठवणंच थांबवलं होतं. मित्राचं पत्र आहे सोबत : कागदपत्रं, ब्लँकेट, डब्यातलं खाणं भरून तयार ठेवायचं, गाडीत पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि हुकूम आला की आईनं मुलांना घेऊन निघायचं, बाप मागे राहणार. पत्र बाबांना पाठ होतं. पण सूटकेसांना सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठ्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या, उन्हाकडे धरलेल्या चित्रात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दुकानदारानं चित्र मोठं केलं. चिठ्ठ्यांवर नावं होती, आईच्या अक्षरात, एकाखाली एक.

बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट लावून मोजू लागले. घरात चार माणसं, सूटकेसा पाच. पाचव्या चिठ्ठीचा कोपरा वळलेला, नाव लागत नाही. दुकानदारानं उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला.

"पाचवी कोनाची होय?" बाबा म्हणाले.

शेवटचं पत्र फेब्रुवारी १९६२ चं, नवा पत्ता कळवतो असं लिहिलेलं. दुकानदारानं ती एक स्लाइड परत नेली आहे, आणखी बारीक स्कॅन करून पाहतो म्हणाला. सोमवारी आणायला जाते.