जुनी सुबारू की जुनी सीआर-व्ही: वळताना गाडी अडते तेव्हा

अमेरिकेत बर्फाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये जुन्या ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा विषय निघाला की सुबारू आणि होंडा सीआर-व्ही ही दोन नावं हमखास येतात. दोन हजार सालाच्या आसपासच्या या ऑटोमॅटिक गाड्या आज स्वस्तात मिळतात आणि दोन्हींची एक तक्रार वरवर सारखी वाटते: तीव्र वळण घेताना मागून काहीतरी अडतं. दुखणं मात्र वेगळं आणि खर्चही वेगळा. गाडी घ्यायची का, किंवा दारात आहे तिच्यावर पैसे घालायचे का, हे ठरवण्याआधी तो फरक नीट कळायला हवा.

आधी परीक्षा. इंजिन चांगलं तापू द्या. कोरड्या, रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, गिअर डी वर टाका आणि ब्रेकवरून पाय काढा. धडधाकट गाडी आपसूक गोल फिरत राहते. अडणारी सुबारू जागीच थबकते, ॲक्सिलरेटर दाबला तर उड्या मारत पुढे जाते आणि टायर किंचाळतात. सीआर-व्ही सहसा थांबत नाही, पण मागच्या सीटखालून घरघर येते आणि गाडी थरथरते.

सुबारूच्या त्या काळच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच गिअरबॉक्सच्या शेवटच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या आवरणात असतो. तेलाच्या दाबाने प्लेटा आवळल्या जातात आणि तो दाब किती ठेवायचा हे संगणक एका सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेमार्फत ठरवतो. सोलेनॉइडची वीज तुटली की दाब पूर्ण येतो आणि पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. मॅन्युअल सुबारूत हे काम व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवाने भरलेला जोड करतो. भारतात शेवरोलेच्या नावाने आलेली सुबारूची फॉरेस्टर त्याच मॅन्युअल पंथातली, म्हणून तिच्यासाठी दिलेले सल्ले इथे लावू नका.

बहुतेक मॉडेलांत निदानाची फुकट सोय कंपनीनेच दिली आहे: बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेला रिकामा फ्यूज होल्डर. त्यात फ्यूज घातला की डॅशबोर्डवर त्याच नावाचा दिवा लागतो आणि क्लच सुटतो. मग तीच गोल फेरी मारा. अडणं थांबलं, तर सोलेनॉइड काम करतो आणि क्लच सुटू शकतो. संशय टायर, जुनं तेल किंवा सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलवर जातो. दिवा लागूनही गाडी अडली, तर सोलेनॉइड गेला आहे किंवा प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमला पडलेल्या खाचांमध्ये अडकल्या आहेत. इंजिन सुरू करताना तेलाच्या तापमानाचा दिवा सोळा वेळा लुकलुकला तर गिअरबॉक्सच्या संगणकात दोष नोंदलेला आहे. तो वाचून घेतल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका. काही टर्बो आणि सहा सिलिंडरच्या मॉडेलांत रचना वेगळी आहे, तिथे हा फ्यूज नसतो.

इथेच मला गॅरेजवाल्यांचा राग येतो. ‘अडते’ म्हटलं की अख्खा गिअरबॉक्स बदलायचा आकडा सांगतात. खरं तर ते मागचं हाउसिंग गिअरबॉक्स न उतरवता काढता येतं: एक्झॉस्ट, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार) खाली घेतले की हात पोहोचतो. सोलेनॉइड कुठे हाउसिंगमध्ये, कुठे खालच्या पॅनमध्ये, वर्षाप्रमाणे जागा बदलते. त्याही आधी तेल. एका वेळी चारेक लिटरच निघतं आणि आत नऊ लिटरहून जास्त असतं, म्हणून थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदलावं लागतं. पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या डब्याचं) तेल वेगळं आणि त्याची डिपस्टिकही वेगळी. घाईच्या ठिकाणी भलताच नट उघडला जातो, म्हणून स्वतः उभे राहा.

सीआर-व्हीत एवढं काही नाही. पुढच्या चाकांच्या वेगाने एक पंप फिरतो, मागच्यांच्या वेगाने दुसरा. वेगात फरक पडला की दाब तयार होऊन क्लच पकडतो. संगणकाचा संबंध नाही. घरघर आली तर बहुतेक वेळा मागच्या डिफरन्शियलमधलं तेल थकलेलं असतं. होंडाचंच ड्युअल पंप फ्लुइड घालायचं, साधं गिअर ऑइल अजिबात नाही. आधी वरचा भरायचा नट सुटतोय ना ते पाहा, मगच खालचा उघडा. नाहीतर तेल रिकामं आणि भरायला वाट नाही. भरल्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात काही फेऱ्या मारा. आवाज उरला तर आणखी एकदा बदला. लिटरभर तेलाचं काम. भारतातल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह सीआर-व्हीलाही हेच लागू.

उलट तक्रार, म्हणजे मागची चाकं ओढतच नाहीत, ही सीआर-व्हीत पुष्कळदा तक्रारच नसते: पुढची चाकं घसरल्यावरच मागची जागी होतात, रचनाच तशी आहे. सुबारूत मात्र ते दुखणं आहे. आधी मालकाने फ्यूज घालून अडणं लपवलेलं नाही ना, ते बॉनेट उघडून बघा. फ्यूज ठेवून कायम गाडी चालवणं मला पटत नाही. सोलेनॉइडला सतत वीज मिळते आणि ज्यासाठी सुबारू घेतली तेच बंद राहतं. स्पेअर चाक लावून घरी पोहोचण्यापुरतं ठीक.

दोन्ही गाड्यांत टायर सर्वांत आधी. चारही एकाच मापाचे, एकाच मेकचे, सारखे झिजलेले हवेत. सुबारू घेरात पाव इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाही. दोन नवे, दोन जुने असतील तर क्लच सरळ रस्त्यावरही घासत राहतो.

अडणारी सुबारू फ्यूजने मोकळी होत असेल आणि बर्फ भरपूर असेल, तर मी चार टायर आणि तेलाचा खर्च किमतीतून कापून मागेन आणि गाडी घेईन. फ्यूज घालूनही अडत असेल, तर हाउसिंगचं काम केलेला मेकॅनिक माहीत असल्याशिवाय हात लावणार नाही. बर्फ वर्षातून थोडेच दिवस पडत असेल तर घरघरणारी सीआर-व्ही, आणि तेल त्याच आठवड्यात.