नलारबोर लिंक्स: गोल्फला तीन तारे, प्रवासाला पाच

ऑस्ट्रेलियातला हा 18 होलचा, पार 72 चा (म्हणजे 72 फटक्यांत पुरा करणं अपेक्षित असलेला) गोल्फ कोर्स. फक्त पहिल्या होलपासून शेवटच्या होलपर्यंत 1,365 किलोमीटर. सेदुना ते कॅलगुर्ली, आयर हायवेलगतच्या एकेका गावात किंवा रोडहाउसपाशी (महामार्गावरचा पंप आणि ढाबा) एखाददुसरा होल. 2009 पासून सुरू आहे. जोडीला मित्र असेल तरच जावं.

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या हिरवळीवर हात बसलेल्या बडोदेकरांना पहिला दणका फेअरवे देतो. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) कृत्रिम गवताचे, आणि अधलामधला भाग, म्हणजे फेअरवे, बहुतेक ठिकाणी खडे, कडक जमीन आणि खुरटी झुडपं. इथे जाड तळाचा सँड वेज (वाळूतून चेंडू उचलायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) वापरला की तो जमिनीवरून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. चेंडू सरपटत ग्रीनच्या पार जातो. त्याऐवजी सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याचा क्लब) बुटका शॉट मारा. चेंडू ग्रीनच्या अलीकडे टाकून गडगडत जाऊ द्या, कारण थेट ग्रीनवर पडलेला चेंडू क्वचितच थांबतो. खड्यांमधला चेंडू हाताने थोडा हलवायचा, हे दोघांनी आधीच ठरवून घ्या. नाहीतर मनगट आणि मैत्री दोन्ही दुखावतात.

ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घरीच ठेवा. लांबच्या फटक्यांना एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, कमी बाउन्सचा (पातळ तळाचा) वेज, ग्रीनवर चेंडू ढकलायला पटर एवढे क्लब पुरतात. चेंडू मात्र जुने, भरपूर आणि भडक रंगाचे घ्या. एकाने मारताना दुसऱ्याने पुढे, बाजूला उभं राहून चेंडू कुठे पडतो ते बघायचं. कावळेही चेंडू पळवतात. झुडपात हात घालू नका, साप असतात. क्लबने चाचपा, नाही दिसला तर सोडून द्या. उन्हाळ्यात घोंघावणाऱ्या माश्यांपासून वाचायला डोक्यावरची जाळी लागतेच, तेव्हा मे ते सप्टेंबर बरा. त्या दिवसांत नलारबोर रोडहाउसजवळच्या हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावरून देवमासेही दिसतात.

ऑस्ट्रेलियातल्या जैवसुरक्षा तपासणीसाठी निघण्यापूर्वी बुटांच्या स्पाइक्समधली बडोद्याची काळी माती टूथब्रशने खरवडून काढा. तिथल्या विमानतळावर बूट, क्लब आणि चिवडा-भाकरवडी, सगळं फॉर्मवर जाहीर करायचं. पश्चिमेकडे जाताना दोन राज्यांच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजला पुन्हा तपासणी होते: फळं, भाज्या, मध तिथेच टाकावे लागतात.

गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने अडचण नाही. पण कांगारूंमुळे तिन्हीसांजेनंतर चालवू नका. भाड्याच्या गाडीचा विमा रात्री लागू आहे का, तेही करारात वाचा. कायगुना ते बॅलडोनिया सुमारे 180 किलोमीटर, त्यातले 146.6 एकही वळण नसलेले, मध्ये पंप नाही. प्रत्येक रोडहाउसला टाकी भरा, दर बघून हळहळू नका. बॅलडोनियाचा होल पार 3 चा आणि नाव स्कायलॅब. 1979 मध्ये त्या अवकाशस्थानकाचे तुकडे याच भागात पडले होते.

घड्याळाचं भान ठेवा. वाटेतल्या युक्ला गावाच्या आसपास स्थानिक वेळ पाऊण तासाच्या फरकाने चालते, आणि स्कोअरकार्डवर शिक्के मारणारं काउंटर बंद झालं की सकाळपर्यंत ताटकळावं लागतं.

दिशा सेदुनाकडून कॅलगुर्लीकडेच धरा. शेवटी खरं गवत मिळतं. एका गावी गाडी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचं जादा भाडं मात्र बुकिंगआधीच विचारा. खिशाला खरी कात्री तिथेच लागते.