पाच गुण आणि त्यानंतरची चाळीस मिनिटे : तरुणांसाठीच्या एका आरोग्य-तपासणी सेवेविषयी

अठरा ते तीस या वयोगटासाठी चालवली जाणारी एक आरोग्य-तपासणी सेवा गेल्या काही महिन्यांत मी घेतली आणि माझ्या आग्रहाखातर माझ्या दादानेही घेतली. मी सव्वीस वर्षांची आहे, तो एकोणतीस. रक्तदाब, वजन, कमरेचा घेर, रक्तातील साखर, चरबी असे जे कोणत्याही तपासणीत असते ते हिच्यातही आहे, मात्र त्या सगळ्याच्या आधी ही सेवा तुमच्या बालपणाविषयी दहा प्रश्न विचारते. मी तिच्याकडे वळले ते याच कारणाने. चार वर्षांपासून आठवड्यातून दोनदा तरी माझे डोके दुखते आणि रात्री तीन-साडेतीनला जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. आजवर तीन ठिकाणी मला सांगण्यात आले की सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका. त्या तिन्ही ठिकाणी माझ्या घराविषयी कोणी चकार शब्द विचारला नव्हता. सेवेचे नाव मी देत नाही, कारण तिच्यातील एका गंभीर उणिवेबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे.

हे दहा प्रश्न त्या सेवेने स्वतः तयार केलेले नाहीत. त्यांची सुरुवात १९८० च्या दशकात अमेरिकेतील एका लठ्ठपणा-निवारण उपक्रमात झाली. तो चालवणारे डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आले की ज्यांचे वजन चांगले उतरत आहे असेच बरेच रुग्ण मध्येच येणे बंद करतात. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आले. पुढे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातील रॉबर्ट आंडा यांच्यासह त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणाची माहिती घेतली. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातल्या कोणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास, आई-वडिलांची फारकत अशा गोष्टी अठराव्या वर्षाच्या आत घडल्या का, हे त्यात विचारले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या लेखात असे दिसले की निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला यांपैकी किमान एक प्रकार आला होता. चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही प्रकार वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. २०१७ मध्ये सदतीस अभ्यासांतील अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हाही चित्र साधारण तेच राहिले. लठ्ठपणा आणि मधुमेहाशी असलेला संबंध सौम्य, धूम्रपान, हृदयविकार आणि श्वसनविकारांशी मध्यम, तर मानसिक आजार, व्यसन आणि स्वतःला इजा करून घेणे यांच्याशी अतिशय घट्ट निघाला.

मूळ अभ्यासातील माणसे मात्र सरासरीने पन्नाशी ओलांडलेली होती. त्यामुळे बालपणीचा त्रास आणि पन्नाशीतला हृदयविकार यांच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांत शरीरात काय घडते, हा प्रश्न उरतोच, आणि ही सेवा नेमकी त्या काळाच्या सुरुवातीला तपासणी ठेवते, ही तिची सर्वांत मोलाची बाजू आहे असे मला वाटते. सतत भीतीच्या छायेत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी तणावाची संप्रेरके वरचेवर स्रवत राहतात. धोका टळला तरी शरीर सावधच राहायला शिकते आणि त्याची किंमत झोप, पचन, रोगप्रतिकारशक्ती, रक्तवाहिन्या असे सगळेच मोजतात. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजतागायत पाठपुरावा केला जात आहे. बालपणी छळ झालेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीच शरीरातील छुप्या दाहाची खूण असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेले असण्याची शक्यता जास्त असल्याचे त्यात दिसले. मानसिक आजारांची गोष्ट तर आणखी अलीकडची, कारण त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजार वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे विशीतल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येणे आणि त्याचे शरीर निवांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला हे आधी कोणी सांगितले असते तर चार वर्षे मी स्वतःलाच खोटे ठरवत बसले नसते.

प्रश्नावली घरबसल्या भरायची असते आणि त्यासाठी आठ मिनिटे लागतील असे तिच्या वर लिहिलेले आहे. मला सव्वा तास लागला. ‘घरातील मोठे माणूस तुम्हाला अनेकदा घाबरवत असे का’ या प्रश्नातील ‘अनेकदा’ या एका शब्दापाशी मी अडले. माझे वडील प्यायचे, पण रोज नाही. रोज मात्र मी जिन्यावरची त्यांची पावले मोजायची. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर होते आणि पायऱ्या बत्तीस. पावले एका लयीत आली तर अभ्यासाचे पुस्तक उघडे ठेवायचे आणि मध्येच थांबत आली तर दिवा घालवून झोपेचे सोंग घ्यायचे, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होते. आता ज्या रात्री काहीच घडले नाही, त्या रात्री ‘अनेकदा’त धरायच्या की नाही? प्रश्नावलीत याला जागा नाही, ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच चौकटी आहेत. शिवाय हे प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आतच राहतात. शाळेत इतर मुलांनी केलेला छळ, वस्तीतील हिंसाचार, दंगल किंवा युद्ध यांविषयी त्यांत एकही प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी केलेल्या प्रश्नावलीत या तिन्ही गोष्टी विचारल्या आहेत. ती अधिक लांब आहे हे खरे, पण या सेवेने तिच्यातील निदान हे तीन विषय तरी घ्यायला हवे होते.

आता त्या उणिवेकडे वळते. शेवटची खूण करून मी बटण दाबले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि क्षणात पडद्यावर लाल रंगात ‘५’ हा आकडा आला, म्हणजे दहापैकी पाच प्रश्नांना ‘हो’, प्रत्येकी एक गुण. त्याखाली ‘उच्च धोका’ असे शब्द आणि आजारांची यादी होती : हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे विकार, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न. त्या पानावर कोणाचा दूरध्वनी क्रमांक नव्हता, कोणाशी लगेच बोलण्याची सोय नव्हती, होती ती फक्त प्रत्यक्ष भेटीची तारीख, आणि ती नऊ दिवसांनंतरची होती. बालपणी जे सोसले ते संपले असे समजून जगणाऱ्या माणसाला मध्यरात्री एकटे गाठून ‘तुझे पुढचेही ठरलेले आहे’ असे सांगण्यासारखे हे आहे. ते नऊ दिवस मी फार वाईट काढले. लेखी तक्रार केल्यावर सेवेने उत्तर दिले की निकाल तत्काळ देणे ही ग्राहकांचीच मागणी आहे. रक्तातील साखरेच्या बाबतीत ही मागणी मला समजते, या आकड्याच्या बाबतीत ती मान्य करणे चूक आहे.

आणि हा आकडा एकेका माणसाविषयी तेवढे सांगूच शकत नाही, म्हणून ही चूक अधिक जड वाटते. खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लिहिले की हा गुणांक समूहाच्या अभ्यासासाठी आहे आणि एका व्यक्तीचा धोका ठरवण्यासाठी तो वापरणे हा त्याचा गैरवापर होय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेच मोजून दाखवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या २,२३२ जुळ्या मुलांच्या अठराव्या वर्षीच्या आरोग्याशी त्यांचे बालपणीचे गुण ताडून पाहिले. गटागटांमधला फरक स्पष्ट दिसला, पण कोण आजारी पडेल आणि कोण नाही हे ओळखण्याची गुणांकाची क्षमता ०.६ च्या आसपास निघाली. या मापात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे पूर्ण अचूकता.

आमच्याच घरात याचा पुरावा मिळाला. दादाचे गुण आले दोन. तोच जिना, तीच बत्तीस पायऱ्यांची पावले, आणि वडिलांचा मार माझ्यापेक्षा त्याने अधिक खाल्लेला. मला मागे लोटून तो दाराशी उभा राहायचा हे मला लख्ख आठवते. ‘मारहाण होत असे का’ या प्रश्नापुढे मात्र त्याने ‘नाही’वर खूण केली आणि मला म्हणाला, “तेवढं तर सगळ्यांच्याच घरी होतं गं.” तो खोटे बोलत नव्हता. बालपणी जे नोंदवले गेले आणि मोठेपणी जे आठवून सांगितले गेले, त्यांची तुलना करणारे सोळा अभ्यास २०१९ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तो सांगितलाच नसल्याचे आढळले. उलट मोठेपणी सांगणाऱ्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांची तेव्हा नोंद नव्हती. दोन गुणांच्या दादाला ‘कमी धोका’ असा हिरवा शेरा मिळाला. त्याचा रक्तदाब निघाला १४२/९२ आणि आठवड्याने पुन्हा घेतला तेव्हाही जवळपास तेवढाच. पाच गुणांच्या माझा ११२/७४.

प्रत्यक्ष भेटीबद्दल मात्र मी मनापासून चांगलेच लिहीन. चाळीस मिनिटांची ही भेट एका अनुभवी परिचारिकेबरोबर होती आणि आत गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “तुम्हाला कोणत्या खुर्चीत बसायला बरं वाटेल?” मी दाराकडे तोंड असलेली खुर्ची घेतली. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी तो आवळला जाईल, तीस-चाळीस सेकंद तसाच राहील आणि नको वाटल्यास लगेच काढू, असे त्यांनी सांगितले. मला आजवर अनेकदा तो पट्टा बांधला गेला आहे, पण परवानगी कोणी मागितली नव्हती. माझ्या पाच खुणांपैकी एकीचाही तपशील त्यांनी उकरला नाही. झोप कशी आहे, जाग आल्यावर छाती धडधडते का, डोके कोणत्या दिवशी दुखते, जेवणाच्या वेळा कशा आहेत, रागाच्या भरात किंवा एकटेपणात कशाचा आधार घ्यावासा वाटतो, एवढेच त्यांनी विचारले. जिन्यावर कोणाची पावले वाजली की मला जाग येते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितले ते तिथे. त्यांनी ते लिहून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमचं शरीर अजून पहारा देतंय. त्याला सुट्टी कशी द्यायची ते बघू.”

त्यांनी सुचवलेले उपाय साधे आणि पडताळून पाहता येण्याजोगे होते. निद्रानाशासाठी सहा आठवड्यांचा वर्तन-उपचार, डोकेदुखीची नोंदवही, आणि आघाताशी संबंधित उपचारांचे शिक्षण घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी. उपचाराचे पाच आठवडे झाले आहेत. जाग अजून येते, पण आठवड्यातून तीन-चार रात्री पुन्हा झोप लागते. नोंदवहीवरून डोकेदुखी सुट्टीच्या आदल्या रात्री अधिक असल्याचे दिसले, आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीच वडील हमखास पिऊन यायचे, हे ती पाने उलटताना माझ्या ध्यानात आले.

सेवेने आणखी एक गोष्ट विचारायला हवी होती आणि ती म्हणजे बालपणात चांगले काय होते. २०१९ मधील एका अमेरिकी अभ्यासात घरी मन मोकळे करता येणे, मित्रांचा आधार, आई-वडिलांखेरीज निदान दोन मोठ्या माणसांचा जिव्हाळा असे सात सुखद अनुभव मोजले होते. त्यांपैकी सहा-सात अनुभव लाभलेल्यांत नैराश्य किंवा मानसिक अनारोग्याची शक्यता, दोन किंवा त्याहून कमी लाभलेल्यांच्या तुलनेत, ७२ टक्क्यांनी कमी दिसली, आणि वाईट अनुभवांचे प्रमाण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. माझी मावशी दर रविवारी यायची आणि माझी वही तपासायची. तिच्या त्या दोन तासांसाठी प्रश्नावलीत एकही चौकट नाही.

उत्तरे कोण पाहते, हे सेवेने पहिल्याच पानावर सांगितले आहे आणि मागणी केल्यावर माझी उत्तरे त्यांनी पुसूनही टाकली. नोकरीच्या ठिकाणामार्फत अशी तपासणी होत असेल तर ही हमी लेखी घेतल्याशिवाय कोणी एकही खूण करू नये.

ही सेवा घ्यावी का, असे मला विचारले तर घ्यावी असेच मी सांगेन, पण क्रम उलटा करून : आधी भेटीची वेळ ठरवा आणि प्रश्नावली त्या भेटीतच, समोर माणूस असताना भरा. मागितल्यास तशी परवानगी मिळते, फक्त ते कुठे लिहिलेले नाही. दादाने दुसऱ्या वेळी तसेच केले. रक्तदाबाच्या औषधाबद्दल विचारायला म्हणून तो गेला होता आणि मी बाहेर बाकावर बसले होते. चाळीस मिनिटांची भेट सत्तर मिनिटे चालली. घरी परतताना त्याने जिना चढायला सुरुवात केली, मध्येच थांबला आणि मला विचारले, “तूसुद्धा मोजायचीस?”